आधी दोर, मग दांडी: नऊ वर्षांच्या मुलीला गरवायला शिकवतानाचे एक प्रकरण

मालवण तालुक्याच्या दक्षिण टोकाला, देवबागजवळ, कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या मुखापासून थोडे आत, खाडीकाठी आमचे घर आहे आणि घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होड्या लागतात तो लहानसा दगडी धक्का आहे. गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे गरवणे म्हणतात, गळाला गरी म्हणतात आणि नायलॉनच्या दोराला तंगूस. माझे वडील याच धक्क्यावर गरवायला शिकले, मीही इथेच शिकलो. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची भाची पुण्याहून आजोळी आली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने मला मासे पकडायला शिकवशील का असे विचारले, तेव्हा हे काम अवघड जाईल असे मला क्षणभरही वाटले नाही. प्रत्यक्षात पहिला दिवस पूर्ण वाया गेला. तो का वाया गेला आणि पुढच्या चार बैठकांत काय बदलले, याची ही तपशीलवार नोंद आहे.

तृतीयेची दुपार

मुलीने फोनवर आधीच हट्ट धरला होता, म्हणून मी महिनाभर आधी शहरातल्या एका दुकानातून सामान आणून ठेवले होते. त्यात सात फुटांची कार्बनची दांडी होती, त्यावर ४००० आकाराचे रीळ होते, रिळावर विणलेला बारीक दोर भरलेला होता आणि सोबत तीन तोंडी गळ लावलेले प्लास्टिकचे पाच मासे होते. सामान उत्तम होते. मूल वाढत जाते, तेव्हा लहान वस्तू घेऊन वर्षभरात ती निकामी करण्यापेक्षा एकदाच चांगली घ्यावी, असा विचार मी केला होता. शाळेचा गणवेश घेताना हा विचार बरोबर ठरतो.

भाचीची उंची चार फूट दोन इंच. दांडी तिच्या उंचीच्या पावणेदोन पट होती. दांडी रिळापाशी मुठीत धरून तर्जनीने दोर अडवायचा आणि फेकताना तो नेमक्या क्षणी सोडायचा, हे अशा रिळाचे मूळ तंत्र आहे. तिची तर्जनी दोरापर्यंत पोहोचतच नव्हती. ती दोन्ही हातांनी दांडी उचलायची, दोर उशिरा सुटायचा आणि प्लास्टिकचा मासा तिच्याच पायाशी पाण्यात आपटायचा. तिसऱ्या फेकीला रिळावरून सैल पडलेली वेटोळी एकदम बाहेर आली आणि विणलेल्या दोराचा असा गुंता झाला की तो सोडवायला मला वीस मिनिटे लागली. ती शेजारी बसून होती. गुंता सुटला, तिने आणखी चार-पाच वेळा फेकले आणि पुन्हा गुंता झाला. मग एक मासा कालवांनी भरलेल्या खडकात अडकला. दोन तासांच्या त्या बैठकीत दांडी तिच्या हातात फार तर पंचवीस मिनिटे होती, आणि उरलेला सगळा वेळ "थांब, मी करतो" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. घरी परतताना ती शांतपणे म्हणाली, "मामा, हे तुझं खेळणं आहे."

या वाक्यात तक्रार नव्हती. तिने जे पाहिले होते ते सांगितले, आणि ते खरे होते.

काय चुकले

रात्री वडिलांशी बोलताना पहिली गोष्ट त्यांनी पाण्याची काढली. अमावास्या होऊन तीनच दिवस झाले होते, म्हणजे पाणी उधाणाचे होते. उधाणात भरती जास्त चढते आणि तेवढेच पाणी त्याच सहा तासांत परत जायचे असल्याने ओहोटीची, म्हणजे आमच्या बोलीतल्या सुकतीची, ओढ जबर असते. आम्ही तीन वाजता गेलो होतो, भर सुकतीला. त्या ओढीत मोठ्या माणसाच्याही हाताला मासा कळणे कठीण असते, कारण पाणीच दोराला सतत ओढत असते. मुलाच्या पहिल्या बैठकीसाठी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे पाणी निवडायला हवे होते. त्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि खाडी संथ असते.

दुसरी चूक आमिषाची होती. प्लास्टिकचा मासा पाण्यात जिवंत वाटतो तो फेकणाऱ्याच्या हाताच्या कौशल्याने. त्याला ओढण्याची लय यावी लागते आणि ती लय यायला महिने लागतात. मुलाच्या हाती अशी वस्तू देणे म्हणजे मासा लागण्याची शक्यता जवळपास संपवणे. शिवाय प्रत्येकी तीन टोकांचे दोन गळ म्हणजे हवेत फिरणारी सहा टोके. सोललेले कोळंबीचे तुकडे, आमच्याकडची सुंगटे, स्वतःच काम करतात. ती पाण्यात नुसती पडून राहिली तरी मासा शोधत येतो.

पण माझ्या मते खरी चूक क्रमाची होती आणि ती मी केली होती. मी फेकणे आधी शिकवायला घेतले. दुकानातल्या सामानाकडे पाहिले की गरवणे म्हणजे फेकणे असेच वाटते, कारण दांडी आणि रीळ ही दोन्ही साधने मुख्यतः दूर फेकण्यासाठी आहेत. पण मासा धरण्याचा गाभा दोराच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते बोटाला कळणे हा आहे. ते कळले नाही तर पन्नास मीटर फेकलेला गळही आंधळा असतो, आणि कळले तर धक्क्याच्या पायाशी दोन मीटरवर सोडलेला गळही मासा देतो. मला वडिलांनी शिकवले तेव्हा दांडी नव्हतीच. बोटावरून गेलेला दोर होता. मी जे शिकलो होतो त्याच्या उलट क्रमाने शिकवत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

खळ्यातला खेळ

चतुर्थीला आम्ही खाडीवर गेलोच नाही. वडिलांनी अर्ध्या लिटरची एक प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्याभोवती अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पंचवीस मीटर तंगूस गुंडाळला आणि टोकाला सायकलचा एक लोखंडी नट बांधला. गळ नाही. ही बाटली म्हणजे तिचे पहिले सामान.

दोर एवढा जाड का, हे सांगायला हवे. मासा लागण्यासाठी बारीक दोर चांगला असतो हे खरे, पण हाताने ओढायचा दोर बारीक असेल तर तो कोवळ्या बोटांना कापतो, आणि विणलेला दोर तर ओला असताना सुरीसारखा चालतो. म्हणून हातातला दोर जाड ठेवायचा आणि गळाकडचा शेवटचा हातभर तुकडा पाव मिलिमीटरचा, बारीक. याचा दुसरा फायदा असा की गळ खडकात अडकला तर फक्त तो बारीक तुकडा तुटतो आणि बाकी सगळे परत येते. मुलाच्या बैठकीत गळ अडकणारच असतो. तो अडकल्यावर तीस सेकंदांत दुसरा बांधून पुन्हा सुरू करता आले पाहिजे, वीस मिनिटांनी नव्हे.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक सूप पालथे ठेवले आणि तिने त्यावर नट फेकायला सुरुवात केली. बाटलीचे बूड मुठीत धरायचे, तोंड फेकण्याच्या दिशेला करायचे आणि दुसऱ्या हाताने नट झुलवून सोडायचा, की दोर बाटलीच्या तोंडाकडून वेटोळ्यांनी आपोआप सुटत जातो. अर्ध्या तासात दहापैकी सहा-सात फेकी सुपाच्या आसपास पडू लागल्या. महागड्या रिळातही दोर नेमका असाच सुटतो: गरगर फिरते ते हँडल, पण फेकताना रिळाचा गाभा स्थिर असतो आणि दोर त्याच्या काठावरून निसटत जातो. बाटलीवर हे उघड दिसते. चार दिवसांनी खरे रीळ हातात आले तेव्हा ते कसे चालते हे तिला सांगावे लागले नाही.

मग वडिलांनी जो खेळ मांडला तो मी याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिला पडवीत पाठमोरी बसवले, दोर तर्जनीवरून घ्यायला सांगितला, डोळे मिटायला सांगितले आणि दोराचे दुसरे टोक घेऊन ते खळ्याच्या टोकाला, तुळशीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. तिथून ते माशांची नक्कल करू लागले. काळुंदर कसे खाते? त्याचे तोंड लहान, ते आमिष कुरतडते, म्हणून दोराला अगदी हलकी, जवळजवळ शंका यावी अशी टकटक. मुडदुशी? दोन झटपट झटके आणि मग सरळ ओढ. कुर्ली, म्हणजे खेकडा, आमिष धरून बाजूला चालू लागतो, तेव्हा झटका नसतोच, दोर नुसता सावकाश जड होत जातो. लाटेने हलणारा दोर ठरावीक लयीत सैल-ताठ होतो. आणि दगडात अडकलेला गळ काहीच बोलत नाही. प्रत्येक वेळी ती ओरडून उत्तर द्यायची आणि वडील पलीकडून बरोबर की चूक ते सांगायचे. सुरुवातीला ती प्रत्येक हालचालीला दोर खेचायची. "वायच दम धर गो, खाऊ दी तेका," असे वडील दर वेळी म्हणायचे. तासाभराने ती मुडदुशी आणि काळुंदर यांतला फरक सहज ओळखू लागली. पाण्यात उतरण्याआधीच तिच्या बोटाला मासे ठाऊक झाले होते.

संध्याकाळी गाठ शिकवली, तीही सुतळी आणि आईच्या जुन्या बांगडीवर. बांगडीतून सुतळी ओवायची, मूळ सुतळीभोवती पाच वेढे द्यायचे, टोक बांगडीलगतच्या फटीतून परत काढायचे आणि ओढायचे. तंगुसावर हीच गाठ आवळण्याआधी पाण्याने ओली करावी लागते, कारण कोरडा नायलॉन घासून तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. तंगुसावरची तिची पहिली गाठ सुटली, दुसरीही सुटली. तिसरी मी दोन्ही हातांनी ओढली तरी टिकली, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते पुढे मासा लागला तेव्हाच्या आनंदापेक्षा फार कमी नव्हते.

पाण्याचा हिशोब

किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरती किती वाजता ते कळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. भाचीने हा हिशोब वहीत केला, नवमीपर्यंतचा तक्ता आखला आणि पंचमीला धक्क्याच्या पायरीवर खडूने रेघ मारून ती पाणी कधी थांबते ते पाहत बसली. पाणी पावणेचारला नव्हे, तीनच्या सुमारास थांबले. ती गोंधळली. हा हिशोब मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळतो आणि आमच्याकडे भरती त्याहून लवकर लागते, हे मला माहीत होते, पण मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी पाऊण तास आधीच थांबले, तेव्हा तिने तक्त्यातल्या प्रत्येक वेळेतून पाऊण तास वजा केला आणि वर लिहिले, "आजोबांच्या धक्क्यासाठी". मुलाला खाडीवर नेण्याचे इतके चांगले कारण मला दुसरे सांगता येणार नाही.

पहिला मासा

गळ आठ नंबरचा घेतला. गळाच्या आकड्यांचा हा क्रम नव्या माणसाला उलटा वाटतो: आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. लांब दांड्याचा गळ निवडला, कारण माशाच्या तोंडातून तो काढणे सोपे जाते. त्याचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट केला. अशा गळावरून एखादा मासा निसटतो, हे मान्य. पण तो मुलाच्या बोटात गेला तर जसा गेला तसाच बाहेर येतो, आणि काटा शाबूत असलेला गळ बोटात रुतला तर डॉक्टरकडे जाण्यावाचून इलाज नसतो, तो घरी ओढून काढू नये. या एका गोष्टीवर मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. तसेच, वजनासाठी शिसे वापरलेच नाही. शिशाची गोळी दोरावर दातांनी दाबून बसवण्याची सवय सर्रास आहे आणि मुले पाहून तेच करतात. शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये राजहंसांना त्याची विषबाधा होऊ लागल्यावर गळाच्या लहान शिशांवर १९८७ सालापासून बंदी आली. पाच-दहा ग्रॅम वजनासाठी सायकलचा नट पुरतो.

पंचमीला दोन काळुंदरे लागली आणि दोन्ही वर येताना सुटली. षष्ठीला, पाणी चढत असताना, धक्क्याच्या वाळूकडच्या बाजूला ती बसली होती. दोर तर्जनीवर होता. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिने मान न वळवता हळूच सांगितले, "मामा, दोन झटके." मग एक श्वासभर थांबली आणि हात वर घेतला. खेचला नाही, वर घेतला. दोर पाण्यात तिरका पळू लागला आणि ती हातावर हात टाकत तो घेऊ लागली. वीतभर लांबीची मुडदुशी होती, अंगाने निमुळती, पाठीवर वाळूचा रंग आणि बाजूला चांदीचा. हा मासा धोका वाटला की वाळूत शिरून बसतो, असे वडिलांनी सांगताच तिने तिच्या टोकदार तोंडाकडे पुन्हा निरखून पाहिले. मासा हातात घेण्याआधी हात खाडीत ओला करायचा हे तिला आधी सांगितले होते, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो परत सोडला तरी आजारी पडतो. तिने न सांगता हात ओला केला.

त्यानंतर तिने विचारले, "आता हिला मारायचं का?"

या प्रश्नावर पुष्कळ मोठी माणसे विषय बदलतात. मला ते पटत नाही. आमच्या घरात मासे शिजतात, ती रोज खात होती, आणि ताटातला मासा कोणीतरी मारलेला असतो हे तिला नऊव्या वर्षी समजू शकते. मी तिला सांगितले की ठेवायचा असेल तर तो धक्क्यावर तडफडत ठेवायचा नाही, डोक्यावर एकच नेमका घाव घालून लगेच मारायचा आणि ते काम मी करेन. सोडायचा असेल तर आत्ताच, पाण्याजवळ हात नेऊन सोडायचा. निर्णय तिचा. तिने बराच विचार केला आणि ती मुडदुशी ठेवली. रात्री ती तिनेच खाल्ली, इतर कोणाला दिली नाही. त्याच वेळी वडिलांनी एका काठीवर त्या मुडदुशीच्या लांबीची खूण केली आणि यापेक्षा लहान आला तर परत सोडायचा, असे ठरले. समुद्रातल्या लहान माशांची मासेमारी थांबावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. तो नियम व्यापारी मासेमारीला लक्षात घेऊन आला असला, तरी त्यामागचे कारण मुलाला एका काठीवरच्या रेघेने समजते. सप्तमी आणि अष्टमीला तिने पाच मासे काठीवर मोजून सोडले. त्यांतली दोन काळुंदरे होती, आणि काळुंदराचे नर-मादी दोघे मिळून अंडी आणि पिल्ले राखतात हे कळल्यावर तिने तिसरे काठीच्या खुणेपेक्षा मोठे असूनही सोडून दिले.

शेंगाळा

सप्तमीला एक गोष्ट घडली ती इथे नोंदवली पाहिजे. तिच्या दोराला शेंगाळा लागला. या माशाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन ताठ, करवती, विषारी काटे असतात. ओळख पटल्याशिवाय कोणत्याही माशाला हात लावायचा नाही हा नियम तिने पाळला, ती मागे सरकली आणि मला हाक मारली. मी मात्र सवयीने, बोलता बोलता गळ काढायला गेलो आणि माशाने अंग फिरवले. अंगठ्याच्या मुळाशी काटा गेला. वेदना कोपरापर्यंत चढली. घरी येऊन हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवला. उष्णतेने हे विष निकामी होत जाते आणि कळ उतरते. नंतर डॉक्टरांकडे जाऊन काट्याचा तुकडा आत राहिला नाही याची खात्री केली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. भाचीने हे सगळे पाहिले. अष्टमीला पुन्हा शेंगाळा लागला तेव्हा वडिलांनी त्याला हात न लावता पाण्याच्या वरच बारीक दोर कात्रीने कापला, मासा गेला, एक गळ गेला. मुलासोबत जाताना कात्री खिशात हवी आणि एक गळ गमावायची तयारी हवी. मोठ्या माणसाला शेंगाळा काढता येतो हे दाखवण्याची ती जागा नव्हे.

बाकीची काळजी थोडक्यात. धक्क्यावर ती पूर्ण वेळ जीवरक्षक जाकीट घालून होती, तिला पोहायला येत असूनही, कारण तरणतलावात ओढ नसते. आमच्यापैकी एक जण कायम हाताच्या अंतरावर होता. टोपी आणि चष्मा उन्हासाठी कमी आणि मागे झुललेल्या गळासाठी जास्त. कालवांनी पाय कापतात म्हणून बंद बूट.

मग दांडी

अष्टमीच्या बैठकीत ती म्हणाली, "मामा, त्या दगडापलीकडे मोठे मासे उडतायत, पण माझी बाटली तिथपर्यंत जात नाही." मी याच वाक्याची वाट पाहत होतो. सामान घेण्याची वेळ ती, जेव्हा मुलाला स्वतःहून कळते की हातातले साधन कुठे कमी पडते.

या वेळी आम्ही तिला सोबत घेऊन गेलो. दांडी साडेपाच फुटांची, काचतंतूची घेतली. काचतंतू कार्बनपेक्षा थोडा जड असतो, पण आपटला तरी सहसा तुटत नाही आणि त्याचे टोक मऊ वाकते, त्यामुळे लहान माशाचा झटकाही दिसतो. कार्बनच्या लांब दांड्या विजेच्या तारांजवळ आणि ढग गडगडत असताना धोकादायक असतात, हेही एक कारण. एकात एक सरकणारी दांडी पिशवीत मावते म्हणून लोक ती घेतात. पण किनाऱ्यावर तिच्या सांध्यांत वाळूचे कण जातात आणि ती उघडेना किंवा मिटेना होते, म्हणून दोन तुकड्यांत जोडली जाणारी घेतली. माप दांडीच्या लांबीपेक्षा मुठीचे पाहिले: रीळ बसते तिथे तिने धरल्यावर मागचे टोक तिच्या कोपरापाशी संपले पाहिजे, फार पुढे गेले तर ते पोटात टोचते आणि दांडी एका हाताने पेलत नाही. रीळ २००० आकाराचे, कारण त्यावर तिची तर्जनी दोरापर्यंत पोहोचली. दुकानदाराने १००० चे दाखवले होते, तेही चालले असते. बटण दाबून सुटणारी बंद रिळे मुलांसाठी सर्वांत सोपी असतात आणि तळ्याकाठी शिकणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मी तीच देईन, पण खाऱ्या पाण्यात त्यांच्या आत साचलेले मीठ दिसत नाही आणि ती गंजतात. दोर साधा एकेरी तंगूस, पाव मिलिमीटरचा. विणलेला नाही. एकेरी तंगूस थोडा ताणतो, मुलाच्या धसमुसळ्या झटक्याला सामावून घेतो आणि त्याचा गुंता झाला तरी तो सुटतो.

रिळाची पकड किती घट्ट असावी हे दोर हाताने ओढून ठरवले. दोर ज्या वजनाला तुटतो त्याच्या साधारण पाव ताकदीला तो सुटू लागला पाहिजे, म्हणजे मोठा मासा लागला तर तो दोर घेऊन जातो, तोडून जात नाही. दांडी, रीळ आणि दोर मिळून जो खर्च झाला तो पहिल्या, कोपऱ्यात उभ्या असलेल्या सामानाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता. धक्क्यावरून आल्यावर दांडी आणि रीळ गोड्या पाण्याने हलके धुऊन पुसून ठेवायचे काम तिचे. कापलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा खिशातल्या डबीत घालून घरी आणायचा, हेही तिचेच. खाडीत पडलेला तंगूस वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि त्यात बगळ्यांचे पाय आणि कासवांचे पर अडकतात.

पुण्यात काय

परतल्यावर तिला कुठे गरवता येईल, हा प्रश्न बहिणीने विचारला. महाराष्ट्रातल्या धरणांचे आणि तलावांचे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून आधी तिथल्या संस्थेला विचारावे. शनिवारी एक मूल आणि एक काठी घेऊन येणाऱ्याला लोक सहसा नाही म्हणत नाहीत, पण विचारणे हा त्यांचा मान आहे. तिथे रिळाचीही गरज नाही. बांबूची काठी, तिच्या टोकाला काठीइतकाच दोर, ज्वारीच्या चिपाडातल्या भेंडाचा तरंगता तुकडा, बारीक गळ आणि गांडूळ एवढ्यावर चिलापी लागते. १९५२ साली भारतात आणलेला हा परका मासा आता बहुतेक तलावांत आहे, आणि तो ठेवून घेतला तर पाण्याचे नुकसान नाही. जागा मात्र विचारून निवडावी. सांगलीजवळच्या कृष्णेत आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे मुलाला पाण्याच्या काठाशी बसवू नये. आणि महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या ठिकाणी, जिथे लोकांनी देवीच्या श्रद्धेने महसीर मासे राखले आहेत, तिथे तिला जरूर न्यावे, पण दांडी घरी ठेवून.

नवमीला त्यांची गाडी रात्रीची होती. तक्त्याप्रमाणे पाणी सहाला थांबणार होते. बहीण बॅगा भरून धक्क्यावर आली, तेव्हा भाची नवी दांडी बाजूला ठेवून बाटलीवरचा दोर सोडत होती. तिने आईला पायरीवर बसवले, दोर तिच्या तर्जनीवरून घेतला आणि म्हणाली, "डोळे मीट. ओढू नकोस. आधी सांग, दगड आहे की मासा?"